सुटली म्हणा, तात्या

"मॅडम, तीन नंबरला परत लाल दिवा!" सुपरवायझर दारातूनच ओरडला. सकाळपासून हेच चालू होतं. मी हेल्मेट घालून केबिनबाहेर पडते तोच प्लांट हेडचा फोन. त्यांना लाल दिवा दिसत नव्हता. त्यांना स्क्रीनवरचा आकडा दिसत होता.

"तीन नंबर मागे का आहे?"

"बघते सर."

"त्यात बघायचं काय? एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोन उमेदवार एका मशीनवर ठेवलेत तुम्ही. एकाला सेकंड शिफ्टला टाका, विषय संपवा."

"असा विषय संपत नसतो," हे मी फोन ठेवल्यावर म्हणाले. फोनवर "यस सर" म्हणाले होते.

मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉप सांभाळते. पत्रा साच्यात दाबून गाडीचा दरवाजा तयार करायचा, हे आमचं काम. साच्याला आम्ही डाय म्हणतो आणि वरून जो मोठा लोखंडी ठोकळा खाली येतो त्याला रॅम. रॅम खाली येताना मध्ये हात सापडला तर तो हात पुन्हा कामाचा राहत नाही. म्हणून प्रत्येक ऑपरेटरसमोर दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात बटणावर, डायमध्ये नाहीत. दरवाज्याचा पत्रा मोठा असतो, त्यामुळे तीन नंबरवर दोन माणसं लागतात. एक पुढून कोरा पत्रा ठेवतो, दुसरा मागून तयार दरवाजा काढतो. चारही बटणं एकाच क्षणी दाबली गेली तरच रॅम हलतो. कुणी मागेपुढे झालं की मशीन रुसतं, लाल दिवा लावतं आणि सुपरवायझरने चावी फिरवेपर्यंत ढिम्म उभं राहतं.

पुढे उभा राहायचा संदीप. कंपनीमागच्याच गावातला, जुन्या घरातला. गावाचं नाव लिहीत नाही, चाकणच्या आजूबाजूला अशी कितीतरी गावं आहेत. मागे बालाजी, नांदेडकडचा, बरीच वर्षं त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहणारा. दोघांची एक सवय होती. पत्रा बसला की संदीप "हं?" करायचा, बालाजी "हां" करायचा आणि चार हात एकदम खाली. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. कानात प्लग असताना त्यांना एकमेकांचं ऐकू कसं यायचं कुणास ठाऊक, पण तीन नंबर माझी सगळ्यात शहाणी लाइन होती.

त्या सकाळी मी मशीनपाशी उभी राहिले. पत्रा बसला. संदीप "हं?" म्हणाला. बालाजी काहीच म्हणाला नाही. त्याने बटणं दाबली, पण उशिरा. लाल दिवा.

"बंद करा," मी म्हणाले. "दोघं केबिनमध्ये या."

आता निवडणुकीचं सांगायला हवं. ग्रामपंचायतीची होती. गावात पक्षबिक्ष नावाला. तिथे मत जातं ते भावकीवर. एका आडनावाची पाचपन्नास घरं म्हणजे एक भावकी. ती कुठल्या पॅनलकडे आहे हे कळलं की त्या घरांतली मतं मोजून घ्यायची, मतदानाची वाट कशाला बघायची! निदान पूर्वी तसं होतं. मग कंपन्या आल्या आणि गावठाणाच्या बाजूला खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. नांदेड, लातूर, परभणी, बुलढाणा. माणसं गावापेक्षा जास्त झाली, पण मतांत कुठेच नव्हती. त्यांची नावं त्यांच्या मूळ गावच्या यादीत. तिकडे निवडणूक लागली की तिकडून उमेदवाराच्या गाड्या यायच्या आणि माझी अर्धी शॉप रिकामी व्हायची. कुणाच्या गावात चुरस आहे हे मला पेपर न वाचता हजेरीवरून कळायचं.

बालाजीने हे बदललं. "जिथं हंडा भरतो तिथं मत द्यावं," हे त्याचं वाक्य. खोली खोली हिंडून त्याने लोकांची नावं इथल्या यादीत आणली. आपलं नाव गावाकडून काढायचं म्हणजे भावाला, भावकीला तोंड द्यावं लागतं. तिथल्या शेतात आपला वाटा आहे, तिथे आपला शब्द आहे, असं माणसाला वाटत असतं. तरी लोकांनी नावं हलवली. कारण एकच, पाणी. गावठाणात नळ होते, खोल्यांना टँकर. आणि टँकर संदीपच्या चुलत्याचा, तात्यांचा. खोल्याही बऱ्याचशा तात्यांच्याच. गावच्या टाकीपासून खोल्यांकडे पाइप आणायचा तर आडवं शेत कुणाचं? तेही तात्यांचं.

तर या प्रभागात खोल्यांकडून बालाजी उभा राहिला. भाडेकरू उभा राहायची गावातली ती पहिली वेळ. तात्यांच्या पॅनलने समोर उभं केलं संदीपला, म्हणजे कंपनीतल्या माणसासमोर कंपनीतलाच माणूस. फॉर्म भरल्यानंतरसुद्धा दोघं एका डब्यात जेवत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग अचानक काय बिनसलं?

केबिनमध्ये दोघंही उभे राहिले. बालाजी भिंतीकडे बघत होता.

"बालाजी, तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय मॅडम."

"मग हां का म्हणत नाहीस?"

बालाजीने भिंतीवरची नजर काढली नाही. मग म्हणाला, "त्यालाच विचारा. कामून म्हणू मी हां? माझ्या लोकांना भंडारा उचलायला लावला यानं."

"म्या?" संदीप म्हणाला. "काय बोलतोय तू?"

"रविवारी तुझा चुलता आला खोल्यांवर. वाटीत खंडोबाचा भंडारा. एकेकाला उचलायला लावला. मत संदीपलाच, नाहीतर देव बघून घेईल. उचलणार नाई म्हणायला कुणाची छाती हाय? खोली त्याची, पाणी त्याचं."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती हातात घेऊन शब्द दिला की माणूस बांधला गेला. मतदानाच्या मशीनचं बटण दाबताना कुणी बघत नसतं हे खरं, पण खंडोबाला आडोसा चालत नाही. आमच्या एचआरच्या मुलीला नंतर मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मॅडम, हा तर गुन्हा आहे, कम्प्लेंट करायला सांगा." बरोबरच होतं तिचं. बालाजीनेही तो विचार केला होता.

"तक्रार करून काय मिळंल? साहेब लोक येतील, तात्याला नोटीस देतील. लोकांच्या मनातनं भंडारा कोण काढणार? आमची म्हातारी माणसं रडलाल्यात. म्हणतात, बालाजी, तुला द्यायचं होतं रे, आता देता येत नाई."

मी संदीपकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. माणूस नाटक करतोय की नाही हे शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईला कळतं. त्याला खरंच काही माहीत नव्हतं.

"मला न्हाई सांगितलं कुणी," तो हळूच म्हणाला. "बालाजी, आईशप्पथ न्हाई सांगितलं."

"शपथ नको घेऊ अजून एक," बालाजी म्हणाला.

मला हसू आलं, पण ती वेळ नव्हती. मी विचारलं, "ही शपथ सुटते का कशाने?"

"ज्यानं घातली त्यानंच सुटली म्हणायचं. तेवढाच रस्ता हाय," बालाजी म्हणाला.

संदीपने हातमोजे काढून माझ्या टेबलावर ठेवले. "मॅडम, गुरुवारी येता का माझ्यासंगं तात्यांकडं? मी एकटा बोललो तर भावकीतलं भांडण म्हनून मिटवतील. बाहेरचं मानूस समोर असलं की तात्या नीट बोलत्यात."

आता कंपनीचा नियम स्पष्ट होता. गावच्या राजकारणात कंपनी नाही. प्लांट हेड दर मीटिंगमध्ये तो म्हणून दाखवायचे. पण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी मी कुणाची मॅनेजर नसते. तोपर्यंत मी दोघांना मशीनवरून उतरवलं. तीन नंबर दुसऱ्या जोडीने चालवली आणि आकडा आणखी खाली गेला. प्लांट हेडना सांगितलं, सेफ्टीचं काम चालू आहे. ते खोटं नव्हतं.

गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा तात्या अंगणात बसून टँकरच्या गळक्या पाइपाला रबराची पट्टी गुंडाळत होते. मोठा बंगला, दारात गाडी, तरी हे काम स्वतः करत होते. सत्तरी ओलांडलेला ताठ माणूस.

"या मॅडम. कंपनीचं काय काढलं सुट्टीच्या दिवशी?"

"कंपनीचं काही नाही तात्या. मी आपली आलेय."

"मग च्या घ्या."

चहा आला. संदीपने कपाला हात लावला नाही. "तात्या, खोल्यांवर भंडारा उचलायला लावला का तुमी?"

"लावला," तात्या म्हणाले. लपवाछपवी काही नाही. "तुज्यासाठीच लावला."

"मला इचारलं?"

"नवरदेवाला मांडवाचं कुनी इचारतं का?"

"तात्या, खंडोबा आपला कुलस्वामी हाय. तुमी त्याला पॅनलचा कार्यकर्ता करून ठेवला."

तात्यांचा हात थांबला. हे वाक्य त्यांना लागलं, मला दिसलं. पण असा माणूस एका वाक्यात खाली येत नाही.

"तुला काय कळतंय रं? त्ये लोक आज हितं, उद्या कंपनी बंद पडली की बोचकं उचलून गावाकडं. आपुन कुठं जायाचं? गावात आपली घरं मोजकी ऱ्हायली. एकदा त्यांचा मानूस बसला की आपन पावनं आपल्याच गावात." हे बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला. मला तोपर्यंत त्यांचा राग आला होता. आता तो पूर्ण राहिला नाही. ते खरंच घाबरले होते.

"मंग मतं मागू की," संदीप म्हणाला. "मागून न्हाई मिळाली तर पडू. पडल्यानं मानूस मरत न्हाई. पन असं निवडून आलो तर मी बालाजीपुढं उभा कसा ऱ्हाऊ? रोज आठ तास त्याच्या तोंडाकडं बघायचं असतं मला."

"दुसरी नोकरी बघ."

"न्हाई बघनार. आनि तुमी सुटली म्हनला न्हाई, तर मतदानादिवशी मी आपल्या टेबलावर बसनार न्हाई. बालाजीच्या टेबलावर बसंन."

मतदान केंद्राच्या बाहेर, ठरलेल्या अंतरावर, प्रत्येक पॅनलचं टेबल असतं. तिथे यादीतला नंबर शोधून चिठ्ठी देतात. गावात कोण कुणाच्या टेबलावर बसलंय त्यावरून सगळं कळतं. उमेदवारच समोरच्याच्या टेबलावर बसला तर पुढची दहा वर्षं जत्रेत तीच गोष्ट निघाली असती.

तात्या माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी काय म्हनता?"

"मला तुमचं राजकारण कळत नाही तात्या. मला एवढंच कळतं की या दोघांमध्ये एक रॅम आहे. डोक्यात दुसरं काही असलेला माणूस मी तिथे उभा करू शकत नाही. मला यांचे चार हात शाबूत हवेत."

आतून काकूंचा आवाज आला, "मी तवाच म्हनलं होतं, देवाला मधी घालू नगा."

"तू गप," तात्या म्हणाले आणि उठले. पायात चपला घातल्या. "चल. सोडवायची तर चोरून न्हाई. चार लोकांत घातली, चार लोकांतच सोडवायची."

खरं सांगते, मला वाटलं होतं ते संदीपलाच पाठवतील किंवा फोनवर उरकतील. ते स्वतः निघाले, उन्हातून, चालत. माझ्या मनात या माणसाबद्दल तिथे आदर तयार झाला आणि तो अजून आहे.

खोल्यांपुढे टँकर लागला होता. बायका ड्रम, कळश्या घेऊन उभ्या. तात्यांना बघून त्यांनी कळश्या खाली ठेवल्या. बालाजी आणि त्याची बायको संगीता कडेला होते. तात्यांनी वाटी मागवली. कुणीतरी आतून आणली, रविवारी तिथेच राहिलेली भंडाऱ्याची. तात्या म्हणाले, "आयकाऽ. मी तुमाला बांधून घेतलं व्हतं. ती माजी चूक. संदीपला ठावं बी नव्हतं. सुटली. सुटली. सुटली."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मागं ऐकू आलं नाई. मोठ्यांदा म्हणा."

कुणीतरी हसलं. तात्यांनी मान वर करून पुन्हा तीनदा म्हटलं, टँकरवाल्याला मोटर बंद करायला लावून. मग एकेकाने पुढे येऊन वाटीतल्या भंडाऱ्याला बोट लावलं, कपाळाला लावलं आणि बाजूला झाला. रडणारी माणसं होती, हसणारीही होती. शेवटी तात्यांनी हात जोडले. "आता मागतो. मत संदीपला द्या. द्यायचं तर द्या." तात्यांनी खोल्यांवर येऊन हात जोडलेत, हे लोक पहिल्यांदाच बघत होते.

शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम तीन नंबरपाशी गेले. "हं?" "हां." दुपारपर्यंत एकही लाल दिवा नाही. प्लांट हेडचा फोन आला, "कुणाला हलवलं शेवटी?"

"कुणालाच नाही सर."

"मग चालली कशी?"

"मेंटेनन्स केला," मी म्हणाले.

निकालाच्या दिवशी अख्खी शॉप कँटीनमध्ये मोबाइल घेऊन बसली होती. आम्हा सगळ्यांचा अंदाज एकच होता. शपथ सुटली, आता खोल्यांची मतं एकगठ्ठा बालाजीला, आणि खोल्यांची मतं जास्त. बालाजीने पेढेसुद्धा सांगून ठेवले होते. मीही मनातून त्याच्याच बाजूची होते, उगाच कशाला लपवू?

संदीप निवडून आला. फार नाही, थोड्या मतांनी. पण खोल्यांच्या बूथवर त्याला जी मतं पडली होती ती बघून त्याच्याच पॅनलची माणसं पुन्हा पुन्हा आकडा विचारत होती.

दुसऱ्या दिवशी बालाजी वेळेवर कामाला आला. मी त्याला चहाला बोलावलं.

"कसं वाटतंय?"

"वाईट वाटतंय मॅडम. खोटं कशाला बोलू?" तो कपाकडे बघत होता. "माझ्याच माणसांनी हिशेब केला. मी चांगला, पण तात्याच्या शेतातनं पाइप मी कसा नेणार? मी भाडेकरू. अन् संदीपच्या एका शब्दावर तात्या चालत आला, चार लोकांत सुटली म्हणला. जो तात्याच्या तोंडातनं सुटली काढतो, तो तात्याच्या शेतातनं पाइप काढंल. असं बोलले लोक आपसात. मला कुणी सांगितलं नाई. मी बी त्यांच्या जागी असतो तर हाच हिशेब केला असता. म्हणून जास्त वाईट वाटतंय."

इतकी वर्षं आपण म्हणत आलो की इकडची माणसं भावकीला मत देतात आणि तिकडची माणसं तिकडच्या माणसाला. या खोल्यांतल्या माणसांनी आधी मत मोकळं करून घेतलं आणि मग आपल्याकडच्या माणसालासुद्धा बाजूला ठेवून पाण्याला मत दिलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. बालाजीसमोर मात्र ते बोलले नाही.

पहिल्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला. मी नव्हते, पण चार जणांनी चार वेळा सांगितलंय. संदीप उठला आणि म्हणाला, या विषयावर बालाजी बोलेल, त्याला सगळं पाठ आहे. बालाजी बोलला. कुठून खोदायचं, किती खोल, रस्ता कुठे लागतो, सगळं. शेवटी सगळे तात्यांकडे बघायला लागले. तात्या म्हणाले, "बांधाच्या कडंनं न्या. मधनं नगा." तेवढंच. पाइप बांधाच्या कडेने गेला. तात्यांचा टँकर आता कंपन्यांच्या बागांना पाणी घालतो.

मध्यंतरी प्लांट हेडनी एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये मला विचारलं, "तुमच्या शॉपमधल्या लोकांचा कल हल्ली कुणाकडे आहे?" वरून कुणीतरी त्यांना विचारलं असावं. मी म्हणाले, "सर, त्यांच्या घरात काय कमी आहे ते विचारा, मी लगेच सांगते." त्यांना ते उद्धट वाटलं. पण मी तरी याहून जास्त काय सांगणार?

कारण कुणाचं मत कुठे गेलं हे घरातल्या घरातसुद्धा कळत नाही. बालाजीनेच सांगितलं. निकालानंतर कितीतरी दिवस त्याच्या डोक्यात एकच होतं. शेवटी त्याने बायकोला विचारलं, "संगीता, शपथेवर सांग, तू मत कुणाला दिलंस?"

संगीता नव्या नळाखाली हंडा लावत होती. ती मागे न बघताच म्हणाली, "शपथ? तीच तर सोडवून घेतली ना आपण?"

बालाजी म्हणतो, त्याने पुन्हा विचारलं नाही. मीही शॉपमध्ये कुणाला विचारत नाही.